लॉन काढून भाजीचे वाफे करायचेत, पाच हजारांत बसेल का?

मीठभाकर · ८ एप्रिल

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

तळेगावात आमचं रो हाऊस आहे. मागच्या बाजूला साधारण ३० बाय २० फुटांचं लॉन, बिल्डरने लावून दिलेलं, ‘सिलेक्शन वन’ जातीचं. सासऱ्यांनी नऊ वर्षं ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं. आता त्यांचे गुडघे आणि आमची बोअर, दोन्ही कुरकुरायला लागलेत. माळी महिन्याला पंधराशे घेतो. शिवाय मार्च लागला की रोज संध्याकाळी अर्धा तास पाइप धरून उभं राहायचं. सासूबाईंनी परवा जेवताना जाहीर केलं, “गवत खायला आपल्या दारात म्हैस नाही. मला तिथे मेथी पाहिजे.”

बरीच खडाजंगी होऊन तह झालाय तो असा: अर्धं लॉन राहणार, कारण सासऱ्यांची संध्याकाळची खुर्ची तिथे असते. उरलेल्या अर्ध्यात ८ बाय ४ फुटांचे तीन उंच वाफे. ऑनलाइन तयार चौकटी पाहिल्या. पत्र्याची काय, लाकडाची काय, एकेक सहा-सात हजारांना. मातीचा कणही नसतो त्यात! माझ्याकडे सगळं मिळून पाच हजार आहेत.

तर प्रश्न असे. गवत खणून काढायचं, की यूट्यूबवर दाखवतात तसे वर पुठ्ठे अंथरून माती ओतायची? कडेला स्वस्तातलं काय लावावं? आणि आत भरायचं काय, किती?

बोरघाट · ८ एप्रिल

वाचतोय. आमच्याकडेही असंच पांढऱ्या हत्तीसारखं लॉन आहे, फक्त ते हिरवं आहे. फोटो टाका.

शिवारफेरी · ९ एप्रिल

आधी एक खुलासा करतो, राग मानू नका. तुम्ही ज्याला उंच वाफा म्हणताय त्याला आपल्याकडे गादीवाफा म्हणतात. कांद्याचं, मिरचीचं रोप टाकणारा शेतकरी तो दरवर्षी करतो. दोन्ही बाजूंची माती फावड्याने मध्ये ओढायची, माथा सपाट करायचा, कडा उतरत्या ठेवायच्या. चौकट नसतेच. घराजवळ माती वाहून जाऊ नये आणि दिसायला नीट दिसावं म्हणून कड लावायला हरकत नाही, पण चौकटीवर पैसे घालवू नका. भाजी मातीत येते, चौकटीत नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘सिलेक्शन वन’ म्हणजे कोट-टाय घातलेली हराळी. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो त्यांचीच निवडून काढलेली, बारीक पानाची जात. शेतकऱ्याला विचारा हराळी काय चीज आहे ते. तिचे धावते धुमारे जमिनीवरही असतात आणि जमिनीखालीही, आणि प्रत्येक पेराला नवं रोप फुटतं. पुठ्ठ्याखाली वरचं पान पिवळं पडून मरेल, पण खालच्या कांड्यांत साठा असतो. पावसाळ्यात तुमचा पुठ्ठा दीड-दोन महिन्यांत लगदा होईल आणि ही बया वांग्याच्या बुडातून हात हलवत वर येईल.

पुठ्ठ्याची पद्धत खोटी नाही, पण ज्या गवतांवर ती दाखवतात ती गवतं वेगळी. तुमच्याकडे मेक्सिकन नावाचं लॉनचं गवत असतं, तर वेगळा सल्ला दिला असता. ते चटईसारखं असतं, दोन-अडीच इंच जाडीच्या पट्ट्या कापून उलटं घातलं तर बरंचसं जागच्या जागी कुजून जातं.

तुमच्या हातात एप्रिल आणि मे आहेत, हे मोठं भांडवल आहे. असं करा. उद्यापासून त्या अर्ध्या भागाला पाणी बंद. पण खणण्याच्या आदल्या दिवशी मात्र एकदा भिजवा, नाहीतर कुदळ नुसती वाजत राहील. मग वीतभर खोल खणून कांड्या हाताने ओढून काढा. कुदळ किंवा काटेरी फावडं वापरा. भाड्याचा पॉवर टिलर आणू नका. तो हराळीचे हजार तुकडे करतो आणि त्यातला प्रत्येक तुकडा उगवतो. काढलेल्या कांड्या फरशीवर आठ-दहा दिवस कडकडीत वाळवा. हातात घेतल्यावर काडीसारख्या मोडल्या पाहिजेत, तोवर त्या खतात टाकायच्या नाहीत.

मग माती सारखी करून पुन्हा भिजवा आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून चारही कडा मातीत दाबा. पारदर्शकच! काळं नाही. काळा कागद स्वतः तापतो, पारदर्शकातून ऊन आत जाऊन माती तापते आणि ओल असली की उष्णता खोलवर पोचते. मेअखेरपर्यंत म्हणजे सहा आठवडे तसंच ठेवा. वरच्या थरातल्या कांड्या, तणांचं बी, मर रोगाची बुरशी यांतलं बरंच काही संपतं. सगळं नाही. खोलवरच्या कांड्या वाचतात, आणि शेजारचं अर्धं लॉन तर टपून बसलेलंच असणार. त्यावर पुढे बोलू.

एडिसनकर · ९ एप्रिल

शिवारफेरी यांच्याशी सहमत, पण पुठ्ठ्याची बाजू मांडायला कुणीतरी हवं म्हणून लिहितो.

आमचं न्यू जर्सीतलं लॉन थंड हवामानाच्या गवतांचं आहे, ब्लूग्रास आणि फेस्क्यू. ऑक्टोबरमध्ये मशीनने गवत अगदी तळाशी कापलं, खोक्यांचे टेप आणि स्टेपल काढले, पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढवून अंथरले, भिजवले, आणि वर कंपोस्ट व पानगळ टाकून दिली. हिवाळाभर बर्फाखाली. मे महिन्यात उकरून पाहिलं तर गवताचा पत्ता नव्हता आणि गांडुळांची जत्रा भरली होती. खणायला लागलं नाही, कंबर शाबूत. म्हणजे पद्धत बरोबर आहे, पण तिला सहा महिने, थंडी आणि मवाळ गवत लागतं. तळेगावात यातलं काहीच नाही.

लाकडाबद्दल थोडं. इथे देवदाराच्या फळ्या महाग पडतात म्हणून मी साध्या पाइनच्या वापरल्या. पाच वर्षांत कोपरे कुजले, तेवढ्या बदलल्या. आर्सेनिकयुक्त द्रावणाने प्रक्रिया केलेलं लाकूड इथे २००३ अखेर घरगुती वापरातून गेलं, पण जुन्या डेकच्या फळ्या अजून फुकट मिळतात. त्या भाजीला वापरू नका. तिकडे रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं तसंच, क्रिओसोट नावाचं विषारी डांबरी तेल असतं त्यात.

आणि आणखी एक: लॉनवर कधी तणनाशक मारलं होतं का? रुंद पानांची तणं मारणारी काही औषधं गवताला काही करत नाहीत, पण कापलेल्या गवतात आणि खतातही ती टिकून राहतात. टोमॅटो, घेवडा यांची पानं मग पिळवटल्यासारखी वाकडी येतात.

अवांतर: इथे शेवटचा शत्रू गवत नाही, हरीण आहे. मेथीला शिवत नसेल असं मला वाटत होतं. शिवतं.

मीठभाकर · ९ एप्रिल

बापरे, कोट-टाय घातलेली हराळी! सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते दुखावले आहेत.

तणनाशक कधी मारलेलं नाही, हाताने निंदायचे. म्हणजे पुठ्ठे बाद. उद्या एक माणूस बोलावते. कडेचं काय करू?

लालमाती · १० एप्रिल

आमच्या राजापुराकडे कडेला चिरा. जांभ्याचा एक चिरा उभा केला की झालं, दहा वर्षं बघायला नको. तुमच्याकडे तो घाट चढून येईपर्यंत सोन्याच्या भावाचा होईल, त्यामुळे आणू नका. घराच्या आजूबाजूला जे पडलंय ते वापरायचं हा साधा नियम. आमच्या आजीने जुन्या गोठ्याची मंगलोरी कौलं उभी रोवून अळूचं आणि मिरचीचं आळं केलं होतं. तुमच्याकडे शहाबादी किंवा कडप्प्याचे तुकडे मिळतील. फरशीच्या वखारीत कोपऱ्यात ढीग असतो, उचलून न्या म्हणतात. बांबू छान दिसतो पण मातीला टेकला की दोन पावसाळ्यांत भुगा.

आणखी एक. वाफे घराच्या भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन फूट सोडा. ओल भिंतीत जाते, आणि तुम्ही आत पाला-पुठ्ठा भरलात तर वाळवीला आमंत्रण. ती जिवंत झाडाला सहसा हात लावत नाही, पण पुठ्ठ्यावरून तुमच्या दाराच्या चौकटीवर येईल.

आकडेमोड · १० एप्रिल

दहावीनंतर प्रथमच घनफळाचा उपयोग होतोय, त्यामुळे मला अडवू नका.

विटा ९ × ४ × ३ इंच धरतो. एका वाफ्याचा घेर २४ फूट, म्हणजे २८८ इंच. विटा आडव्या रचून तीन थर केले तर एका थराला ३२, तीन थरांना ९६. त्यापेक्षा विटा उभ्या रोवा, चार इंची बाजू समोर. ७२ विटा पुरतात. तीन इंच जमिनीत, सहा इंच वर. तीन वाफ्यांना २१६. सिमेंट नको.

माती. कडेला सहा इंच आणि मधोमध नऊ, सरासरी साडेसात इंच धरू. एक वाफा २० घनफूट, तिन्ही मिळून ६०. माती ब्रासवर मिळते, ब्रास म्हणजे १०० घनफूट. तुम्ही घाबरून अख्खा ब्रास मागवाल. थांबा.

तीन वाफे, मध्ये दोन वाटा दोन-दोन फुटांच्या, एकूण रुंदी १६ फूट. तुमच्या वीस फुटांत बसतं. या वाटा सहा इंच खोल खणून ती माती वाफ्यांवर टाका: ८ × २ × ०.५, गुणिले दोन, १६ घनफूट फुकट. (शिवारफेरी म्हणतात तो गादीवाफा हाच.) तळाला तीन इंच सुका पाला वगैरे: २४ घनफूट फुकट. उरले २०. निम्मी विकतची माती, निम्मं खत. म्हणजे ब्रासचा दहावा हिस्सा माती लागली. छोटा हत्तीची एक फेरी खूप झाली.

चार फुटांपेक्षा रुंद करू नका. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. एकदा वाफ्यात पाय दिला की गादीची सतरंजी होते.

दुष्काळी · १० एप्रिल

सगळे उंच उंच करत सुटलाय म्हणून विचारतो. उन्हाळ्यात काय करणार?

मी सोलापूर जिल्ह्यातला. आमच्याकडे एप्रिलमध्ये वाफा उंच केला तर तो चहूबाजूंनी वाळतो. वरून ऊन, कडेने वारा, आणि विटा तर तव्यासारख्या तापतात. आमची आई उन्हाळी भाजी खोलगट वाफ्यात करायची, कडेला बांध आणि मध्ये बशी. एक बादली पाणी बादलीभरच लागतं, बाहेर जात नाही. परदेशातले व्हिडिओ बघून उंच वाफा म्हणजेच चांगली बाग असं लोकांना वाटायला लागलंय. तिकडे जमीन गार आणि ओली असते, लवकर तापावी म्हणून उंच करतात. आपल्याला तापवायची आहे का जमीन?

एडिसनकर · १० एप्रिल

मुद्दा मान्य, पण ‘परदेशातले व्हिडिओ’ हा टोमणा माझ्यासाठी असेल तर मी एकही व्हिडिओ केलेला नाही. दिवे घ्या, म्हणजे ‘लाइटली’ घ्या.

दुष्काळी · १० एप्रिल

घेतले. इथे तशीही लाइट गेलीय.

शिवारफेरी · ११ एप्रिल

दुष्काळींचा मुद्दा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. तळेगावात पाऊस दणकून पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर उंच वाफा हवाच, नाहीतर मुळं गुदमरतात. मार्चनंतर मात्र तो अंगावर येतो. यावर उपाय आहे: विटांची कड तीच ठेवायची, आतला माथा बदलायचा. पावसाळ्यात मध्ये फुगीर, उन्हाळ्यात मध्ये खोलगट. आणि उन्हाळ्यात मातीचा कण उघडा दिसता कामा नये, वर पाचट नाहीतर पाला.

उभ्या विटांची कल्पना झकास. तीन इंच गाडलेली वीट हराळीलाही थोडी आडवी येईल. तरी लॉन आणि विटा यांच्यामध्ये कुदळीच्या पात्याएवढी रिकामी खाच ठेवा. धुमारा खाचेत लोंबकळला की दिसतो, दिसला की कापायचा. चुन्याची रेघ मारल्यासारखी ती खाच दर आठवड्याला साफ हवी.

जाईजुई · १२ एप्रिल

मी या धाग्यावर वयाने सर्वांत मोठी असेन म्हणून थोडं सांगते.

मीठभाकर, अगं, तळाला भरायला विकत काही आणू नकोस. कॉलनीत लोक झाडून पाला पोत्यात भरून रस्त्यावर ठेवतात, तो उचलून आण. आणि नाक्यावरच्या रसवंतीवाल्याला विचार. चिपाडं तो आनंदाने देतो. मात्र ती ताजी टाकशील तर मुंग्यांचं वारूळ होईल. दोन दिवस पिंपात भिजवून ते पाणी झाडांच्या लांब ओतायचं, मग वापरायची. चिपाडं पाणी धरून ठेवतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चोथ्यावर गच्चीत भाजी करून दाखवली होती, तेव्हा आम्ही कितीतरी जण ते पाहून शिकलो. नारळाच्या सोडणांचंही तसंच. सोडणाचा आतला भाग वर ठेवायचा.

पण हे सगळं खाली, तळाला. वरच्या मातीत सुका पाला किंवा भुसा कालवू नकोस. तो कुजताना मातीतलं नत्र आधी स्वतः खातो आणि रोपं पिवळी पडतात. ही चूक मी १९९० साली केली आणि मेथीला कावीळ झाली असं ह्यांनी वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

मीठभाकर · २ जून

धागा वर काढतेय. अहवाल:

एक माणूस, दोन दिवस. पहिल्या दिवशी निघालेल्या कांड्यांचा ढीग सासऱ्यांच्या कमरेइतका. काही मुळं तर कोपरभर खोल. सासरे खुर्ची फिरवून, पाठ करून बसले होते. दुसऱ्या दिवशी स्वतःच काठीने दाखवायला लागले, “तिकडे राहिली बघ.”

प्लास्टिक १४ एप्रिलला घातलं, काल काढलं. आतून वाफ धरायची सकाळी, हात लावला तर चटका. हराळी वरवर तरी गेलेली दिसतेय. पण एका कोपऱ्यात प्लास्टिकला भोक पाडून टोकदार पान वर आलंय! त्रिकोणी देठ, खाली काळी गाठ, ओढली की गाठ तुटून खाली राहते.

विटा जुन्या मिळाल्या. जवळच एकांचं कंपाउंड पाडत होते, पाच रुपयांना एक. २२० घेतल्या. पाला चौदा पोती, फुकट. रसवंतीवाल्याने चिपाडं दिली आणि वर एक ग्लास रसही.

शिवारफेरी · २ जून

लव्हाळा. नागरमोथा म्हणतात तोच. त्याला ऊन, प्लास्टिक, शिव्या, काही लागू पडत नाही. गाठी माळेसारख्या जोडलेल्या असतात. त्या कोपऱ्यात ओल असताना खुरप्याऐवजी लांब पात्याने खोल जाऊन गाठीसकट काढा, आणि नवं पान दिसलं की लगेच पुन्हा. पान वाढू दिलं नाही तर गाठ हळूहळू रिकामी होते. वर्षभर लागेल. तो कोपरा एकच असेल तर तुम्ही सुटलात.

मीठभाकर · १९ जून

मदत! वाफे भरले. तळाला पाला-चिपाडं, मग माती आणि शेणखत. शेणखत एका गोठ्यावरून आणलं, सहा गोण्या ८० रुपयांनी. मुरलेलं आहे म्हणाला होता. आज भेंडी टोकायला उकरलं तर आत पांढऱ्या, जाड, सी आकाराच्या अळ्या. एका घमेल्यात वीस-पंचवीस. सासूबाई म्हणतात सगळं बाहेर फेका.

लालमाती · १९ जून

फेकू नका! अंगठ्याएवढ्या जाड असतील तर गेंड्या भुंग्याच्या असू शकतात. आमच्याकडे खताच्या प्रत्येक खड्ड्यात. माडाला त्रास देतो तो भुंगा, भाजीला नाही.

शिवारफेरी · १९ जून

थांबा, घाईने ठरवू नका. हुमणी असेल तर मुळं कुरतडून रोपं उभी वाळवेल, आणि कुजक्या खतावर जगणारी दुसरी अळी असेल तर ती उलट खत बारीक करून देते. दिसायला बहिणी-बहिणी. घरच्या घरी एक चाचणी करा. पाच-सहा अळ्या गुळगुळीत फरशीवर ठेवा. पाय वर करून पाठीवर सरपटत निघाली तर ती हुमणी नव्हे. कुशीवर मुरगळून पडून राहिली किंवा पायांनी ओढत चालली तर हुमणीचा संशय घ्या.

खत हातात घेऊन वासही पाहा. शेणाचा वास येत असेल, आत हात घातल्यावर गरम लागत असेल, तर ते मुरलेलं नाही. एका कुंडीत ते निम्मं आणि माती निम्मी घालून मूग पेरा. आठवड्यात मूग सरळ, हिरवे आले तर खत घालायला हरकत नाही. ही परीक्षा खत वाफ्यात टाकण्याआधीची, आता कोळसा उगाळण्यात अर्थ नाही.

मीठभाकर · २० जून

फरशीवर शर्यत लावली. मुलं सुट्टी असल्यासारखी जमली. सोळा पाठीवर चालल्या, चार मुरगळून पडल्या. मुरगळलेल्या चार शेजारच्या साळुंक्यांनी नेल्या, निकाल जाहीर व्हायच्या आत.

खत मात्र खरंच गरम होतं. वरचा थर काढून कोपऱ्यात ढीग केला, प्लास्टिकने झाकला, दिवाळीपर्यंत मुरू दे. त्याऐवजी गांडूळखताच्या चार गोण्या आणाव्या लागल्या, साडेतीनशे रुपयांनी एक. बजेट गेलं. निंबोळी पेंड पाच किलो मिसळली.

दुष्काळी · २० जून

साळुंक्यांना नियमित बोलवा. आणि आता झालं ते झालं, पण संध्याकाळी कडुनिंब किंवा बाभळीवर तपकिरी भुंगेरे बसतात का पाहत जा. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की अंधार पडताना जमतात. फांदी हलवून खाली पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात. तुमचा हंगाम यंदा गेला, पुढच्या मेअखेरीस लक्ष ठेवा. एक मादी मारली तर वाफ्यातल्या पुढच्या अळ्या मारायच्या वाचतात.

मीठभाकर · २४ ऑगस्ट

फोटो टाकलेत. भेंडी कमरेएवढी, गवार, अंबाडी, कडेच्या जाळीवर दोडका. दोडका तर दोडका म्हणावा की शेजाऱ्यांशी संबंध वाढवण्याचं साधन म्हणावं, इतका येतोय.

फसलं ते: मेथी. सासूबाईंच्या आग्रहाखातर जुलैत टाकली, आठवड्यात सडली. आणि गोगलगायी. पावसात रोपं रातोरात तुळतुळीत.

वाफा जवळजवळ चार इंच खाली बसलाय. विटांच्या कडेपेक्षा माती खाली गेली. माझं काही चुकलं का?

जाईजुई · २४ ऑगस्ट

काही चुकलं नाही. तळाचा पाला कुजून बसला, बसायचाच. पाऊस संपला की मुरलेलं खत वरून घाल.

गोगलगायीला मीठ टाकू नकोस हं, मातीची वाट लागते. संध्याकाळी वाफ्याशेजारी ओलं गोणपाट पसर. सकाळी सगळ्या त्याखाली झोपलेल्या सापडतात, मग गोळा कर. मेथी गणपतीनंतर टाक. आणि कोथिंबिरीचे धने चपलेने रगडून दोन पाकळ्या करून पेर, अख्खा पेरू नकोस.

बोरघाट · २५ ऑगस्ट

हराळी आली का परत?

मीठभाकर · २५ ऑगस्ट

आली. पण वाफ्याच्या मधून नाही, लॉनच्या बाजूने, विटांच्या फटीतून. खाच आहे म्हणून दिसते. दर रविवारी चहानंतर अर्धा तास खाच साफ करायची. हे काम सासऱ्यांनी मागून घेतलंय. जुनी गवत कापायची कात्री आणि छोटा पाट घेऊन बसतात. हराळीच्या सवयी त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक नाहीत, नऊ वर्षं त्यांनीच तिला वाढवलीय.

लव्हाळा अजून आहे. त्याबद्दल बोलायचं नाही.

आकडेमोड · २५ ऑगस्ट

हिशेब द्या. पाच हजारांत झालं का?

मीठभाकर · २६ ऑगस्ट

नाही. विटा ११००, त्यांचा टेम्पो ४००, माती एक फेरी ११००, फसलेलं शेणखत ४८०, गांडूळखत १४००, पेंड २००, प्लास्टिक ४५०, मजुरी दोन दिवसांची १६००. एकूण ६७३०. बियाणं सासूबाईंच्या डब्यातलं आणि तुमच्यापैकी दोघांनी पाठवलेलं.

स्वतः खणलं असतं तर ५१३०. पण त्या कांड्यांचा ढीग पाहिल्यावर तो सोळाशेचा खर्च सगळ्यात वाजवी वाटतो. शेणखतात हात घालून पाहिला असता तर चौदाशे वाचले असते, ते मात्र माझ्या खात्यावर. माळी आता निम्म्या लॉनचे आठशे घेतो.

आकडेमोड · २६ ऑगस्ट

म्हणजे महिन्याला सातशे वाचले. ६७३० भागिले ७००, दहा महिन्यांच्या आत वसूल. दोडके आणि शेजारसंबंध धरलेले नाहीत.

मीठभाकर · १५ मार्च

बऱ्याच दिवसांनी. थंडीत मेथी, पालक, मुळा, कांद्याची पात, सगळं झालं. सासूबाईंनी मेथीची पहिली जुडी देवाजवळ ठेवली आणि मग माझ्याकडे बघून “आलीच ना” एवढंच म्हणाल्या.

दुष्काळी, तुमच्यासाठी खास: दिवाळीला मुरलेलं ते शेणखत घालूनही माती कडेपेक्षा दोन इंच खालीच राहिली, ती मुद्दाम तशीच ठेवली. आता वाफा आपोआप खोलगट झालाय. वर पाचट पसरलंय, एक दिवसाआड पाणी देते. तुमची बशी. विटा तापतात हेही खरं, म्हणून पश्चिमेच्या कडेला चवळीचा वेल लोंबकळत सोडलाय.

दुष्काळी · १५ मार्च

आईला सांगतो.

बोरघाट · १६ मार्च

मी येत्या रविवारी सुरू करतोय. आमचं लॉन मेक्सिकन आहे हे काल उकरून खात्री करून घेतली. पट्ट्या कापून उलट्या घालणार. मीठभाकर, उरलेलं अर्धं लॉन पण काढताय का आता?

मीठभाकर · १६ मार्च

विचारलं होतं. चौथ्या वाफ्याची परवानगी मिळाली नाही. खुर्ची जिथे आहे तिथेच राहील, आणि तिच्या पायांखाली गवतच हवं, असं कळवण्यात आलं आहे. तुम्ही पट्ट्या कापाल त्यातल्या चार-पाच बऱ्या निघाल्या तर ठेवा बाजूला. आमच्याकडे खुर्चीखाली टक्कल पडलंय, मेक्सिकन लावून बघायचं आहे म्हणे त्यांना.